बेस गिटार: चार तारा पुरतात की पाचवी हवीच?

खर्जप्रेमी

नमस्कार मंडळी. इथे गाणाऱ्यांचे, तबलजींचे, पेटीवाल्यांचे धागे खूप आहेत. बेस गिटारवर, म्हणजे खर्जाचे सूर देणाऱ्या गिटारवर, एकही सापडला नाही, म्हणून मीच काढतो.

मी पिंपरीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गेली सहा वर्षं शनिवार-रविवारी आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. जुनी हिंदी-मराठी गाणी, दोन गायिका, एक गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी-तबला, एक गिटार आणि मी. माझ्याकडे चार तारांची सेकंडहँड बेस आहे, १४ हजारांत घेतलेली. तिच्यावर माझा फार जीव आहे.

आता अडचण सांगतो. आमचा गायक काळी दोनला गातो, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी हा त्याचा सा. माझी सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे पांढरी तीन. काळी दोन तिच्याखाली अर्धाच सूर. म्हणजे त्याच्या गाण्यात खालचा सा माझ्याकडे नाहीच. मी तो तिसऱ्या तारेवर सहाव्या पडद्याला (मानेवरच्या सहाव्या आडव्या पट्टीला) घेतो, एक सप्तक वर. ऐकायला बरा लागतो, पण गाण्याखालची जमीन जाते. मागच्या महिन्यात संयोजक सगळ्यांदेखत म्हणाले, "खालचा सूर मिळत नसेल तर राहू द्या, पुढच्या सीझनला कीबोर्डवरच बेस काढू."

रात्री घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात. २५ हजार साठवलेत. पाच तारांची, म्हणजे चौथीच्याही खाली एक जाड तार असलेली, घेऊ का? की हे पैसे दुसऱ्या कशावर लावू? आणि तुमचं रोजचं कसं चालतं तेही लिहा: ने-आण, रियाझ, नाइट (एका कार्यक्रमाचे पैसे), सगळं.

वर्धावासी

पहिलीच प्रतिक्रिया माझी! मी विदर्भात लग्नाच्या संगीताचे कार्यक्रम करते, आठ वर्षं झाली. पाच तारांची आहे. घ्या, डोळे मिटून घ्या.

फक्त दुकानात हातात धरून बघा. पाच तारांची मान रुंद असते आणि तारांमधलं अंतर बहुतेक कमी असतं. चारवर सवय झालेला उजवा हात पहिले दोन महिने चुकीच्या तारेवर पडतो. माझा अंगठा आता सतत पाचव्या तारेवर टेकलेला असतो. न वाजवतानाही ती गुणगुणत राहते, तिला दाबून धरावं लागतं.

डग्गा

खर्जप्रेमी, संयोजकाचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. पण एक विचारतो. खालचा सा नेमका कुठे हवा वाटतो? समेवर, पहिल्या मात्रेला ना? तिथे तर माझा डग्गा, तबल्याचा खर्जाचा डावा, घुमत असतो.

मी तबला वाजवतो. बरेच बेसवाले माझ्या डग्ग्यावरच बसतात. दोघांचा आवाज एकाच खोलीत शिरतो आणि समोरच्याला नुसता गढूळ घुमारा ऐकू येतो. साधा आठ मात्रांचा केहरवा घ्या: धा गे ना ती, ना के धी ना. डग्गा मोकळा कुठे घुमतो? पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. पाचव्या मात्रेला, खालीला, डग्गा गप्प असतो. तिथे तुमचा सूर लांब धरा. समेवर आखूड घ्या, बोट लगेच उचला. आमच्या बेसवाल्याबरोबर एकदा दोन तास बसून फक्त एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी गायिका म्हणाली, आज तबला किती स्वच्छ ऐकू येतोय.

खर्जप्रेमी

डग्गा, हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी समेला सूर धरून ठेवतो आणि खालीला सोडतो, म्हणजे बरोबर उलटं. आज रात्रीच करून बघतो.

कीबोर्डवाले काका

कीबोर्डवर बेस काढायचा उल्लेख झालाच आहे, तर तो ज्याच्या डाव्या हाताने काढतात त्यानेही बोलावं.

मी ३० वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. बेसवाला परवडत नाही म्हटलं की संयोजक माझ्याकडे बघतात. मी कीबोर्डचे दोन भाग करतो, डावीकडे बेसचा आवाज लावतो आणि वाजवतो. सुपारी (ठरलेल्या कार्यक्रमाची रक्कम) लहान असेल तर इलाज नसतो. पण त्या दिवशी माझी व्हायोलिन्स अर्धी होतात, मधले तुकडे सुटतात, पानं उलटायला हात नसतो. बेसवाला आला की माझा डावा हात मला परत मिळतो. हे संयोजकाला तुम्ही सांगून उपयोग नाही. तुमच्या कीबोर्डवाल्याला सांगायला लावा.

आणि एक, खास बेसवाल्यांसाठी. आम्ही ट्रान्सपोज बटण दाबतो, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलते. गाणं काळी एकला असलं तरी माझी बोटं पांढरी एकवर असतात. स्टेजवर घाईत मी "सी, मग एफ" असं ओरडतो, तेव्हा तो माझ्या बोटांचा सी असतो. तुमचा सी शार्प. यावरून मी स्वतः दोन बेसवाल्यांना गाण्याच्या मध्यात गोंधळलेलं पाहिलं आणि चूक माझी होती. तेव्हापासून मी स्वरांची नावं घेत नाही. सा, म, प एवढंच सांगतो. सा कुठे आहे ते ज्याचं त्याने बघावं.

वर्धावासी

काका, सा-म-प ला हजार वेळा अनुमोदन. माझी वही सगळी तशीच आहे. वर पट्टी, खाली सा-म-प-ध. ऐन वेळी गायक म्हणाला, "ताई, घसा बसलाय, अर्धी खाली घ्या", तर वही बदलावी लागत नाही. हात एक पडदा सरकवायचा.

म्हापशेकर

आमच्या गोव्यात अजून वाजवणारा माणूस लागतो बाबांनो! तियात्रात, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकात, बँड रंगमंचाच्या पुढ्यात बसतो: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, ड्रम्स आणि बेस. दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारं, म्हणजे गाणी. कांतार गाणारा शेवटची ओळ ओढून धरतो, लोक टाळ्या वाजवतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. तेव्हा सगळा बँड त्याच्या तोंडाकडे बघत असतो. आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकला हे कसं जमणार?

मी पाश्चात्त्य नोटेशन वाचून वाजवतो, बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांची लिपी). लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज (कागदावरचे स्वर वाचून गाणं) शिकवलं, त्याचं हे व्याज. मुंबईच्या सिनेमातल्या जुन्या रेकॉर्डिंगला गोव्याचे एवढे वादक होते त्याचं कारण हेच. कागद पुढे ठेवला की ते लगेच वाजवायचे. खर्जप्रेमी, थोडं वाचायला शिका. एक पान तीन महिन्यांनी पुन्हा काढलं तरी तेच सांगतं.

तारांचं म्हणाल तर माझ्या चार. पावसाळ्यात आमच्याकडे तारांना आठ दिवसांत गंज चढतो. पाचवी तार म्हणजे आणखी एक गंजणारी.

साउंडवाला सांगली

मी मिक्सरच्या पलीकडे बसणारा माणूस. पाचव्या तारेबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती लिहितो.

चार तारांच्या बेसची खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. पाचवी तार ३१ हर्ट्झला. मंगल कार्यालयात नाहीतर गावच्या मांडवात जे स्पीकर लागतात, त्यांतले बरेचसे ५० च्या खाली दमतात. सब (खालच्या सुरांचा खास स्पीकर) असला तर ४० पर्यंत कसेबसे. त्याच्याखाली कोन नुसता हलतो, आवाज येत नाही आणि अँपची ताकद फुकट जाते. म्हणून मी बेसच्या चॅनेलला खालून फिल्टर लावतो, ३५ ते ४० च्या आसपास. म्हणजे तुम्ही हजारो रुपये देऊन जो सूर आणणार त्याचा मूळ भाग मी कापणार! लोकांना बेस ऐकू येतो तो बराचसा त्याच्या वरच्या स्वरांमुळे, ८० ते २०० च्या पट्ट्यातल्या.

तेव्हा ते २५ हजार आधी इथे लावा: चांगला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला नीट पोचवणारी डबी), दोन चांगल्या केबल आणि उरलेल्यात सिग्नल वाढवणारा एक छोटा प्रीअँप. माझ्याकडे येणाऱ्या दहा बेसवाल्यांपैकी सहाजणांची केबल खरखरते. कार्यक्रम सुरू झाल्यावर मी धावत येऊन ती हलवतो.

मिरजेची तार

साउंडवाल्याशी अर्धा सहमत. मूळ स्वर स्पीकरातून आला नाही तरी कान वरच्या स्वरांवरून तो भरून घेतो. त्यामुळे खालचा सा वाजवणं आणि वरचा वाजवणं यांत फरक राहतोच, अगदी मोबाइलवरसुद्धा. खर्जप्रेमींना "जमीन गेली" असं वाटतं ते खरं आहे.

पण पाचवी तार न घेताही तो सा मिळतो की. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा.

उतरवल्यावर काय होतं बघा:
चौथी तार: काळी दोन
तिसरी: काळी चार
दुसरी: काळी एक
पहिली: काळी तीन

चारही मोकळ्या तारा काळ्या पट्ट्यांवर! आपले गायक गातात कुठे? बहुतेक काळी एक, काळी दोन. गायिका काळी चार. गायक काळी एकला असेल तर सा मोकळ्या दुसऱ्या तारेवर आणि पंचम मोकळ्या तिसऱ्या तारेवर. गायिका काळी चारला असेल तर सा मोकळ्या तिसऱ्या तारेवर, पंचम मोकळ्या चौथीवर. तुमच्या काळी दोनच्या गायकाचा सा तर सरळ चौथी मोकळी तार. हे मी पंधरा वर्षं करतोय. तानपुरा गायकाच्या पट्टीत लावतात. बेस का लावू नये?

खर्जप्रेमी

मिरजेची तार, मी हा प्रतिसाद बसमध्ये वाचला आणि मोबाइलवर गिटारचं चित्र काढून एकेक सूर मोजला. बरोबर आहे!! इतकं साधं असून मला कसं दिसलं नाही?

म्हापशेकर

थांबा, थांबा. मोकळ्या तारांवर एवढा भार टाकू नका. मोकळ्या तारेचा आवाज दाबलेल्या तारेपेक्षा वेगळा येतो आणि ती थांबवणं अवघड असतं. डग्गा वर म्हणाले ना, समेला सूर आखूड ठेवा? मोकळी तार आखूड ठेवायला उजव्या हाताचा तळवा लागतो. शिवाय तारा उतरवल्या की सैल होतात, पडद्यावर आपटतात. आणि माझ्यासारखा नोटेशन वाचणारा माणूस कागदावर जो सूर दिसतो त्यासाठी हात एक पडदा पुढे कसा नेणार? डोकं फिरेल.

मिरजेची तार

म्हापशेकर, नोटेशनवाल्यांसाठी ही युक्ती नाही, मान्य. सैल तारांवर उपाय आहे. नेहमीच्या ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) संचाऐवजी ५० ते ११० चा लावायचा. अर्धा सूर उतरवूनही ताण जवळजवळ पूर्वीइतका राहतो. फक्त जाड तार वरच्या नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत नीट बसत नाही. माझा नट आमच्या गल्लीतल्या सतारीच्या कारागिरांनी केला. सतार-तानपुऱ्याला हाडाचं काम करायचा त्यांचा पिढ्यांचा हात. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्यांनी वाचलंच असेल.) त्यांनी बेस मांडीवर आडवी घेतली आणि तारेवर नख फिरवलं. म्हणाले, "हिची जवारी काढायची का ठेवायची?" पडद्यावर जो आपटल्याचा खर्र आवाज येतो त्याला त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. तानपुऱ्यात तोच आवाज मुद्दाम आणतात. मी म्हटलं, काढायची. रेशमाच्या दोऱ्याएवढी बारीक कानस घेऊन चार खाचा रुंद केल्या, अर्ध्या तासात.

शुभ्रा

मी वाजवत नाही. नवरा वाजवतो. "रोजचं कसं चालतं" असं विचारलंय म्हणून लिहिते.

आमच्याकडे स्कूटर. बेस त्याच्या पाठीला, मान वर आलेली, डोक्याच्या वर दीड-दोन फूट. आमच्या सोसायटीच्या दारात गुलमोहराची फांदी आहे, तिथे तो दर वेळी वाकतो. आता रिकाम्या पाठीनेसुद्धा वाकतो, सवयीने! रात्री दीड-दोनला येतो. मी जागी असते. चावीचा आवाज, मग बॅगेची चेन, मग पंधरा मिनिटं कापडाने तारा पुसायचा आवाज. जेवायच्या आधी तारा पुसतो.

मुलगी तिसरीत आहे. शाळेत "बाबा काय करतात" यावर तिने लिहिलं, "बाबा गाण्याचा खालचा मजला बांधतात." ते कुणी शिकवलं नव्हतं. तो कागद आम्ही फ्रिजवर लावलाय.

कीबोर्डवाले काका

शुभ्राताई, पोरीला माझा आशीर्वाद. खालचा मजला!

लोकलचा प्रवासी

स्कूटरवाले सुखी. डोंबिवलीहून दादरला संध्याकाळी सहाच्या लोकलने बेस घेऊन कधी जाऊन बघा. कडक पेटी नाही, मऊ बॅगच घ्यायची, जाड फोमची. लोकलमध्ये ती पाठीवर ठेवायची नाही, पुढे छातीशी धरायची, मान खांद्यावर. वर रॅकवर ठेवली तर दुसऱ्याची ट्रंक तिच्यावर येते. माझ्या बेसच्या दोन खुंट्या अशाच वाकल्या.

नाइटचं बोलायचं तर मी ठाण्या-मुंबईत २००० ते ३००० च्या मध्ये वाजवतो, बाहेरगावी जेवण-प्रवास वेगळा. एका संयोजकाने मागच्या दिवाळीचे पैसे अजून दिलेले नाहीत. त्यानंतर ठरवलं: अर्धी रक्कम आधी, उरलेलं पाकीट मध्यंतरात. सामान आवरल्यावर कुणी कुणाला सापडत नाही.

साउंडवाला सांगली

विजेबद्दल लिहायचं राहिलं आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. हा भाग नीट वाचा.

गावाकडे मांडवात जनरेटर असतो आणि अर्थिंग नसतं, किंवा असतं ते नावापुरतं. बेसच्या तारा ब्रिजमधून (खाली तारा अडकवतात त्या धातूच्या पट्टीतून) केबलच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमची बोटं ग्राउंडवर. समोर माइक दुसऱ्या लाइनवरच्या मिक्सरला. तुम्ही कोरसला ओठ माइकला लावले की ओठातून झटका. मी एका वादकाला मागे पडताना पाहिलंय. कार्यक्रमाआधी एक करा: तारा हातात धरून माइकला बोट लावू नका, टेस्टर लावा. दिवा लागला तर मला हाक मारा.

घूं आवाज येतो म्हणून काहीजण अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. कृपा करून हे करू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त सिग्नलचं ग्राउंड सोडवतं, विजेचं अर्थिंग तसंच राहतं. आणि ज्यांच्याकडे जॅझ बेसच्या धर्तीची, दोन सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं, प्रत्येकी एका कॉइलची) गिटार आहे, त्यांनी दोन्ही पिकअपचे आवाज सारखे ठेवावेत. बहुतेक अशा गिटारींत एक कॉइल उलटी गुंडाळलेली असते, दोघी मिळून घूं खाऊन टाकतात. एक कमी केला की परत येतो.

वर्धावासी

हे वाचून अंगावर काटा आला. चिमट्याने पिन काढलेला एक प्लग आमच्या ग्रुपकडे आहे. आज फेकते.

अॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) बेसवाल्यांसाठी माझीही एक भर: आतली ९ व्होल्टची बॅटरी केबल घातलेली असेपर्यंत संपत राहते, वाजवा की न वाजवा. जेवायला उठलात तर केबल काढून उठा. वरातीच्या ऐन गाण्यात माझा आवाज आधी फाटला, मग गेला. तेव्हापासून बॅगेच्या पुढच्या कप्प्यात एक बॅटरी आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर कायम असतो.

अजून एक, बायकांसाठी. कार्यक्रमानंतर मला अजून विचारतात, "तुम्ही गाता का?" खांद्यावर साडेचार किलोची बेस लटकत असते तेव्हा! मुंबईच्या मोहिनी डेला झाकिर हुसेन आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवताना पाहिलेल्या पोरी आता माझ्याकडे शिकायला येतात. तीनजणी आहेत. त्यातली एक चौदा वर्षांची आहे, तिच्या करंगळीत माझ्यापेक्षा जास्त बळ आहे.

जुनी रेकॉर्ड

उशिरा आलो. विषय थोडा बाजूला नेतो, पण खर्जप्रेमींच्या दुखण्याशी त्याचा संबंध आहे.

बेसवाल्याच्या जागी यंत्र आणायची कल्पना नवी नाही. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणली, तेव्हा मोठ्या, उभ्या, बिनपडद्याच्या डबल बेसवाल्यांना वाटलं असेल की आपलं संपलं. पडदे असल्यामुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. मग १९८१ साली रोलँड कंपनीने टीबी-३०३ काढलं. हे चांदीच्या रंगाचं छोटं यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं. खऱ्या बेससारखं ते वाजेना, म्हणून चाललं नाही आणि १९८४ पर्यंत बंदही झालं. पण आपल्या मुंबईत चरणजित सिंग होते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड (विजेवरचं अकॉर्डियन) वाजवणारे. त्यांनी तेच यंत्र घेतलं आणि १९८२ साली ते वापरून दहा रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. २०१० ला ती पुन्हा निघाली आणि युरोपातली नाचणारी पोरं थक्क झाली. बेसवाल्याच्या जागी आलेलं यंत्र एका बेस वाजवणाऱ्यानेच रागात बोलतं केलं.

आर. डी. बर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस आहे. हेडफोन लावून फक्त ती एकच ओळ ऐका. गाण्यात गाणं आहे.

डग्गा

जुनी रेकॉर्ड, वाचनखूण साठवली.

फ्रँकफुर्टहून

इथे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आम्ही दरवर्षी वाजवतो. बेसवाला मीच, आठवड्यातून एकदा तालीम, नाइटचे पैसे म्हणजे मोदक. माझा मुद्दा फक्त कानांचा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ढोलकी आणि स्टेज मॉनिटरच्या (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या) मध्ये उभं राहिलं की १०० सहज होतात. माझ्या डाव्या कानात आता सतत शिट्टी वाजते, ती जात नाही. वादकांसाठी फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, सगळे सूर सारखेच कमी करतात. कापसाचे बोळे नकोत, ते फक्त वरचे सूर खातात. खर्जप्रेमी, २५ हजारांतले पहिले दोन हजार इथे टाका. खरंच टाका.

लोकलचा प्रवासी

+१. आणि रात्री दहाला आवाज बंद हा नियम लोकांना जाच वाटतो. मला तो वरदान वाटतो. शेवटची कर्जत मिळते.

खर्जप्रेमी

तीन आठवड्यांनी येतोय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काय काय केलं ते सांगतो.

एक. इअरप्लग घेतले. पहिल्या गाण्याला पाण्यात बुडाल्यासारखं झालं, चौथ्या गाण्यापर्यंत विसरलो.

दोन. डीआय बॉक्स आणि दोन केबल. जुनी केबल कापून बघितली, आतल्या जाळीचे तीनच धागे जोडलेले होते.

तीन. ५०-११० च्या तारा, अर्धा सूर खाली. नटच्या खाचा मी स्वतः केल्या नाहीत, धीर झाला नाही. सुट्टी काढून मिरजेला गेलो. मिरजेची तार यांनी घरी जेवू घातलं, वहिनींच्या हातची शेंगदाण्याची आमटी, आणि त्याच कारागिरांकडे नेलं. मलाही त्यांनी जवारीचं विचारलं!

चार. डग्ग्यांची खाली. आमच्या तबलजीबरोबर रविवारी सकाळी बसलो. पहिला तास काही जमेना, हात आपोआप समेला सूर धरायचा. मग त्याने तबला बाजूला ठेवला आणि टाळ्या वाजवून ठेका म्हटला, मी पाचव्या मात्रेला "हं" म्हणायचो, गिटार न घेता. त्यानंतर गिटार घेतली.

परवा साताऱ्याला कार्यक्रम होता. गायकाचं पहिलंच गाणं, काळी दोन. मुखड्याला मी चौथी तार मोकळी वाजवली. लाकडी स्टेज होतं, सूर पायातून वर आला. गायक गाता गाता मागे वळून बघायला लागला. कडव्याला पुन्हा बघितलं. मध्यंतरात येऊन म्हणाला, "आज खाली काहीतरी उभं होतं." काकांनी सांगितल्याप्रमाणे कीबोर्डवाल्याशीही बोललो होतो. त्याने स्वतःहून संयोजकांना सांगितलं की डाव्या हाताने हे होणार नाही. संयोजक काही बोलले नाहीत. पाकिटासोबत नवरात्राच्या नऊ तारखा लिहिलेला कागद दिला.

आता गंमत. मध्यंतरानंतर गायकाचा घसा बसला. "अर्धी खाली घ्या, पांढरी दोन." म्हणजे पुन्हा माझ्या खालच्या तारेच्या अर्धा सूर खाली! निवेदिका बोलत होती तेवढ्यात मी चौथ्या तारेची खुंटी कानाने उतरवली, कीबोर्डवाल्याने हळूच सूर दिला. लागला. पण त्या गाण्यात त्या तारेवरचे सगळे पडदे एकाने सरकले आणि अंतऱ्यात एक सूर मी चुकलो. तबलजीला कळला, त्याने काही म्हटलं नाही.

तेव्हा पाच तारांचा प्रश्न अजून आहेच. नऊ हजार उरलेत. वर्धाताई, तुमची एकदा हातात धरून बघायला मिळेल का?

वर्धावासी

कधीही या. दिवाळीनंतर आठ दिवस मोकळी आहे. येताना त्या ५०-११० तारांचा एक संच आणा, माझ्या पोरींच्या चार तारांच्या बेसवर अर्धा सूर उतरवून बघायचाय.

साउंडवाला सांगली

खर्जप्रेमी, साताऱ्याला काळी दोनची चौथी तार मोकळी वाजली म्हणता, ती ३९ हर्ट्झला येते. पायातून सूर आला तो स्टेजमधून की सबमधून? बेसच्या चॅनेलला फिल्टर कितीवर होता?

खर्जप्रेमी

ते विचारलंच नाही. त्या साउंडवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. उद्या डबा खायच्या सुट्टीत फोन करतो आणि इथे लिहितो.